खात्रीने पाहिलेला हिरवा

रेल्वे अपघाताची बातमी आली की दुसऱ्या दिवशी एक वाक्य ठरलेलंच असतं, ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला. बस्स. वाचणाऱ्याला वाटतं आता सगळं कळलं. लाल दिवा होता, थांबायला हवं होतं, माणूस थांबला नाही. मग "एवढा मोठा दिवा दिसला कसा नाही" असं आपण म्हणतो खरं, पण त्यात उत्तर हवं असतं असं नाही, बोट दाखवून मोकळं व्हायचं असतं. मला मात्र गेली काही वर्षं हा प्रश्न खरंच पडलाय. कसा नाही दिसला? कारण चौकशीचे रिपोर्ट वाचत गेले तसं एक लक्षात आलं की यातली बरीच माणसं झोपलेली नव्हती, प्यायलेली नव्हती, बेफिकीर तर अजिबातच नव्हती. त्यांनी सिग्नलकडे बघितलं होतं. बघूनच पुढे गेली होती.

रेल्वेत एक फार शहाणा नियम आहे, थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच. सिग्नल विझलेला असेल, अर्धवट दिसत असेल, किंवा जिथे असायला हवा तिथे नसेलच, तर त्याचा सगळ्यात कडक अर्थ घ्यायचा. म्हणजे शंका आली की थांबा. हा नियम ज्यांनी केला त्यांना माणसाचा डोळा चुकतो हे पक्कं माहीत होतं. पण या नियमाला एक भोक आहे आणि सगळे अपघात त्या भोकातूनच येतात असं मला वाटायला लागलंय. नियम शंकेसाठी आहे आणि चूक येते ती खात्रीचा वेष घेऊन. ज्याला लालऐवजी पिवळा दिसला त्याला शंका आलेलीच नसते, मग तो नियम वापरणार कधी?

बघणं म्हणजे नुसतं डोळे उघडे ठेवणं नव्हे. रंग आणि बारकावा नीट टिपतो तो डोळ्याच्या पडद्याचा मधला अगदी छोटासा भाग, बाजूने येणारं दृश्य पुसटच असतं आणि नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते त्या क्षणात तर मेंदू चित्र जवळजवळ बंदच ठेवतो. या सगळ्या फटी मेंदू स्वतःच्या अंदाजाने बुजवतो आणि बुजवल्याचं आपल्याला कळूही देत नाही. स्वतः लिहिलेल्या मजकुरातली शुद्धलेखनाची चूक स्वतःला सापडत नाही ना, चार वेळा वाचलं तरी, ते यामुळेच, आपण कागदावरचं वाचतच नसतो, डोक्यातलं वाचत असतो. आता हाच मेंदू ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या केबिनमध्ये बसवा. सेकंदाला जवळपास २८ मीटर. वळणामागून सिग्नल दिसायला लागला आणि पाच सेकंद दिसत राहिला, तर तेवढ्यात गाडी १४० मीटर पुढे गेलेली असते आणि त्या पाच सेकंदांत वेग बघायचा, घड्याळ बघायचं, रुळावर कोणी नाही ना ते बघायचं.

माझे मामा गाडी चालवूनच रिटायर झाले, आधी मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल. एकदा त्यांच्याबरोबर मोबाईलवर इंजिनातून काढलेला एक व्हिडिओ बघत होते. मला समोर नुसते खांब, तारा आणि झाडं दिसत होती, आणि मामा शांतपणे "डबल यलो" म्हणाले. मी स्क्रीन डोळ्याजवळ घेऊन शोधायला लागले तेव्हा कुठे त्या खांबांच्या जंगलात दोन बारके पिवळे ठिपके सापडले. म्हटलं, मामा, तुम्हाला एवढ्या लांबून दिसलं कसं? तर म्हणाले, "अगं, दिवा शोधायचा नसतो, जागा शोधायची असते. जागा पाठ असते आपल्याला. नजर तिथे आधीच जाऊन बसते, दिवा नंतर येतो." मग मी विचारलं की जागा एवढी पाठ होत असेल तर रंगही पाठ होऊन जात असेल ना? त्यांनी व्हिडिओ थांबवला. म्हणाले, "होतो. तोच धोका आहे."

आणि मग त्यांनी सांगितलं की एका सेक्शनात रात्रीच्या ठरलेल्या गाडीला एक सिग्नल कायम हिरवाच मिळायचा. महिनोन् महिने हिरवा. एका रात्री तो लांबून दिसला आणि ते नेहमीप्रमाणे मोठ्याने "ग्रीन" म्हणाले, तर शेजारून असिस्टंट म्हणाला, साहेब, यलो आहे. "तो बोलला आणि मग मला पिवळा दिसला. त्याआधी तो माझ्यासाठी हिरवाच होता गं. कोर्टात उभं केलं असतं तर शपथेवर हिरवा सांगितला असता मी." हे सांगताना त्यांच्या आवाजात लाज नव्हती, भीती होती, इतक्या वर्षांनंतरही. त्यानंतर त्यांनी सवय बदलली. आधी असिस्टंटने बोलायचं, मग त्यांनी. कारण साहेब आधी "ग्रीन" म्हणाले की नवीन पोरगा बघायच्या आधीच "ग्रीन" म्हणून मोकळा होतो, आणि मग केबिनमध्ये माणसं दोन असली तरी डोळे एकाचेच असतात.

मामांनी आणखी एक गोष्ट समजावली, जी बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. लाल बघून कोणी गाडी थांबवत नाही, पुढचा सिग्नल लाल असू शकतो असं सांगणारा पिवळा बघून थांबवतात. भरधाव गाडीला थांबायला शेकडो मीटर लागतात, कधी किलोमीटरच्या वर, त्यामुळे लाल दिसेपर्यंत ब्रेक लागलेला असावाच लागतो. म्हणजे निर्णय होतो तो मागच्या सिग्नलला, आणि तिथून लालपर्यंतचं अंतर ड्रायव्हर ते पिवळेपण डोक्यात धरून चालतो. मध्ये स्टेशन आलं, दरवाजे उघडले, लोक चढले उतरले, गार्डने निघायची घंटी दिली, तर तेवढ्या वेळात डोक्यातला पिवळा पुसला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये या प्रकाराला रेल्वेच्या लोकांनी "डिंग डिंग अँड अवे" असं नावच पाडलं होतं, दोन घंट्या वाजल्या की हात आपोआप पुढे जातो आणि समोर लाल आहे हे बघायचं राहून जातं.

चूक ड्रायव्हरच्या डोळ्यांची, हे समजायला सोपं असतं म्हणून ते आपल्याला आवडतं सुद्धा. १८७५ मध्ये स्वीडनमधे लागरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली. उप्साला विद्यापीठातल्या होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांनी मत मांडलं की यामागे रंगांधळेपणा असावा, आणि लोकरीच्या रंगीत लड्या निवडायला लावून रेल्वेच्या माणसांची तपासणी सुरू केली, जी पुढे जगभर पसरली. चाचणी उपयोगाचीच आहे, लाल हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसाने सिग्नल वाचू नयेत हे उघड आहे. पण त्या विशिष्ट अपघाताचं कारण खरंच रंगांधळेपणा होतं का, याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतलीये. मला यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की दोष एका माणसाच्या शरीरात सापडला की सगळ्यांना हायसं वाटतं, मग बाकी कशाकडे बघायची गरज उरत नाही.

बाकी कशाकडे बघायचं असतं ते लंडनमधल्या लॅडब्रोक ग्रोव्हच्या अपघाताने दाखवलं. ५ ऑक्टोबर १९९९, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून सकाळी एक लोकल निघाली आणि तीनच मिनिटांत समोरून येणाऱ्या एक्सप्रेसवर आदळली, दोघींचा मिळून वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. ३१ माणसं गेली, दोन्ही ड्रायव्हर धरून. लोकलच्या ड्रायव्हरने एसएन १०९ नावाचा सिग्नल लाल असताना ओलांडला होता, आणि ओलांडल्यावर वेग वाढवला होता. हे वाढवणं फार बोलकं आहे. ज्याला शंका असते तो वेग वाढवत नाही. ट्रेनिंग संपवून एकट्याने गाडी चालवायला लागून त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते.

आता तो सिग्नल कसा होता बघा. रुळांच्या वर आडव्या कमानीवर ओळीने सिग्नल, प्रत्येक रुळाचा वेगळा, त्यातून आपला कोणता ते ओळखायचं. मध्ये पूल आणि विजेच्या तारांचा पसारा आल्यामुळे एसएन १०९ उशिरा दिसायचा, त्यातही त्याचा लाल दिवा बाकीच्या दिव्यांच्या सरळ रेषेत नव्हता, खाली बाजूला काढलेला होता, उलट्या एल अक्षरासारखा. आणि ऑक्टोबरमधली सकाळची आठची वेळ, गाडी पश्चिमेकडे चाललेली, म्हणजे खाली आलेला सूर्य बरोबर पाठीमागून थेट सिग्नलच्या काचांवर. अशा उन्हात न लागलेला दिवासुद्धा लागल्यासारखा चमकू शकतो, आतला आरसा उन्हाची तिरीप परत फेकतो म्हणून. लॉर्ड कलन या न्यायाधीशांच्या चौकशीने निष्कर्ष काढला तो असाच, सिग्नल दिसण्याची वाईट व्यवस्था आणि ते ऊन यामुळे त्याला पुढे जायचा सिग्नल आहे असं वाटलं असावं.

पण मी सगळ्यात जास्त थबकले ते दुसऱ्याच माहितीपाशी. त्याआधीच्या सहा वर्षांत हाच सिग्नल आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. आठ वेळा. प्रत्येक वेळी कुणीतरी एक ड्रायव्हर चुकला अशी नोंद झाली असणार. आणि खांब तिथेच उभा.

मला हे वाचून फार राग आला होता, अजूनही येतो. एका जागी एक माणूस चुकला तर त्याच्याशी बोला, त्याला शिकवा, लागलं तर कामावरून काढा. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वेगवेगळी माणसं चुकत असतील तर ती जागा काहीतरी सांगतेय, आणि ते ऐकायची जबाबदारी केबिनमधल्या माणसाची असूच शकत नाही, त्याच्याकडे ते आठ कागद नसतातच. ते ज्यांच्या टेबलावर होते त्यांनाही ते दिसले नाहीत. बघण्यातली चूक तीच, फक्त तिथे ना ऊन होतं ना वेग. त्यांच्याकडे पाच सेकंद नव्हते, वर्षं होती. पुढे २००४ मध्ये गाडी चालवणाऱ्या कंपनीला २० लाख पौंड आणि २००७ मध्ये रुळांची व्यवस्था बघणाऱ्या नेटवर्क रेलला ४० लाख पौंड दंड झाला. उशिरा का होईना, त्या टेबलांचीही जबाबदारी आहे हे कागदावर आलं.

पर्लीच्या ड्रायव्हरला मात्र त्यासाठी फारच थांबावं लागलं. तोही लंडनजवळचाच अपघात, ४ मार्च १९८९, पाच मृत्यू. ड्रायव्हर वाचला, त्याने स्वतः गुन्हा कबूल केला, सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात गेला. २००७ मध्ये अपील कोर्टाने त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला, कारण तोच सिग्नल आधीच्या पाच वर्षांत आणखी चार वेळा लाल असताना ओलांडला गेला होता हे समोर आलं, आणि कोर्टाला मान्य करावं लागलं की त्या जंक्शनच्या रचनेतच काहीतरी माणसांना चुकायला लावत होतं. मधली अठरा वर्षं त्या माणसाने स्वतःला काय म्हणून घेतलं असेल? त्याने कबुली दिली होती हे तर मला जास्तच लागतं. स्वतःच्या डोळ्यांवर आलेला आरोप माणूस नाकारत नाही, कारण त्यालाही वाटतं, एवढा मोठा दिवा, मला दिसला कसा नाही.

आणि केबिनमध्ये सावध करायला हॉर्न नव्हता असं नाही. ब्रिटनमधली एडब्ल्यूएस नावाची यंत्रणा सिग्नलजवळ येताना हिरव्याला घंटी वाजवते, बाकी कशालाही हॉर्न. ड्रायव्हरने काही सेकंदांत बटण दाबून "ऐकलं" असं कळवायचं, नाहीतर आपोआप ब्रेक लागतात, आणि बटण दाबलं की समोरच्या गोल तबकडीवर काळ्या पिवळ्या पाकळ्या उमटतात, तिला सनफ्लॉवर म्हणतात, आठवण म्हणून. कल्पना चांगलीच आहे. पण डबल यलो असो, यलो असो की रेड, हॉर्न एकच. गर्दीच्या मार्गावर पुढच्या गाडीच्या मागे मागे पिवळ्यावरच चालायचं असतं, दर सिग्नलला हॉर्न, दर सिग्नलला बटण, असं करत करत हात शिकतो आणि डोक्याला विचारायचं बंद करतो. लालच्या हॉर्नलाही हात तेच करतो जे मघाशी पिवळ्याला केलं होतं. लॅडब्रोक ग्रोव्हला हॉर्न वाजला होता आणि बटण दाबलं गेलं होतं.

म्हणजे ड्रायव्हरची काहीच जबाबदारी नाही असं मी म्हणतेय का? अजिबात नाही, आणि इथे मला कुणी माझा गैरअर्थ काढलेला आवडणार नाही. १२ सप्टेंबर २००८ ला कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ इथे एका पॅसेंजर गाडीच्या ड्रायव्हरने लाल ओलांडला, समोरून मालगाडी, २५ मृत्यू. तो ड्युटीवर मोबाईलवर मेसेज पाठवत होता, शेवटचा मेसेज टक्कर व्हायच्या २२ सेकंद आधी गेला होता. मन धोका देतं तेव्हा माणूस असहाय असतो, पण मन आपण होऊन दुसरीकडे नेऊन ठेवणं ही निवड आहे आणि तिची किंमत त्याच्या एकट्याची नसते. याच अपघातात प्लॅटफॉर्मवरच्या काही साक्षीदारांनी सिग्नल हिरवा होता असं सांगितलं होतं. तपासात तो लालच होता असं निघालं, आणि तिथून एवढ्या लांबचा दिवा नीट ओळखू येण्यासारखा नव्हता हेही. ते लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. गाडी निघाली म्हणजे हिरवा असणार, एवढं मनाला पुरतं.

ड्रायव्हरची जबाबदारी माझ्या मते "मी कधीच चुकणार नाही" अशी नसतेच, कारण ते वचन कोणालाच पाळता येत नाही. त्याची जबाबदारी ही की स्वतःच्या खात्रीवर विसंबायचं नाही, तिला दर वेळी काहीतरी करून अडवायचं. जपानमध्ये ड्रायव्हर सिग्नलकडे हाताने बोट दाखवून मोठ्याने त्याचं नाव आणि रंग उच्चारतात, एकटे असले तरी. बाहेरून बघणाऱ्याला विचित्र वाटतं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने साध्या कामांवर प्रयोग करून बघितला तेव्हा काहीच न करता शंभरात २.३८ चुका होत होत्या, बोट दाखवून आणि बोलून केलं तर ०.३८. आपल्याकडेही लोको पायलट आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात तो त्यातलाच प्रकार. डोळा, हात, तोंड आणि कान असे चार साक्षीदार उभे केले की मनाला एकट्याने गोष्ट रचता येत नाही. शून्य मात्र होत नाही, हे त्या आकड्यातच आहे.

आणि त्याच जपानमध्ये अमागासाकीचा रेल्वे अपघात घडला. २५ एप्रिल २००५. तेवीस वर्षांचा ड्रायव्हर, आधीच्या स्टेशनवर गाडी ७० मीटरच्या आसपास पुढे नेऊन थांबवली, दीडेक मिनिट उशीर झाला. तिथे अशा चुकीला "फेरप्रशिक्षण" नावाखाली जे करत त्यात शिकवणं कमी आणि अपमान जास्त, आणि तो त्यातून आधी एकदा गेलेला होता. गार्ड कंट्रोलला रेडिओवर काय सांगतोय याकडे त्याचं लक्ष लागलेलं असावं असं तपास सांगतो, आणि ताशी ७० च्या वळणावर गाडी ११६ ने शिरली. १०७ मृत्यू, तो धरून. हा सिग्नलचा अपघात नाही, पण भीतीने माणूस जास्त नीट बघतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हा जरूर वाचावा. भ्यालेला माणूस समोर बघत नाही, मागे बघतो, शिवाय चूक सांगत नाही, आणि सांगितलीच नाही तर ते आठ कागद तयार तरी कसे होणार? मामांना मी विचारलं की त्या रात्रीच्या पिवळ्याचं तुम्ही वर कळवलं का. म्हणाले, "वेडी आहेस का? काही झालंच नव्हतं, उगाच चार्जशीट कोण घेईल?" मी गप्प बसले, कारण त्यांच्या जागी ते बरोबरच होते. पण त्या सिग्नलवर आणखी कुणाला तो हिरवा दिसला असेल का, हे आता कुणालाच कळणार नाही.

हल्ली आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणा येतायत, लाल ओलांडू लागली की गाडी स्वतःच थांबते, आणि त्या यायलाच हव्यात, यात दुमत नको. अमेरिकेत चॅट्सवर्थनंतर कायदा झाला आणि २०२० च्या शेवटी ते काम पुरं झालं. पण यंत्र आलं की बघायचं काम संपत नाही, ते दुसऱ्या कुणाकडे तरी जातं. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ असंच झालं. एका ड्रायव्हरला आपल्या समोरचा हिरवा एकदम लाल झालेला दिसला. त्याने सगळं बरोबर केलं, पुढे गाडी थांबवली आणि फोन लावायला उतरला. मागून येणाऱ्या गाडीला मात्र तिचा सिग्नल लाल व्हायलाच हवा होता, तो झालाच नाही. त्या मागच्या ड्रायव्हरने जे बघितलं ते शंभर टक्के बरोबर बघितलं होतं, दिवाच खोटा होता. मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळली, ३५ माणसं गेली.

कारण होतं एक जुनी वायर. सिग्नलचं नवीन वायरिंग करताना ती पूर्ण काढून टोक सुरक्षित बांधायला हवं होतं, ते तसंच उघडं राहिलं आणि नंतरच्या कामात धक्का लागून पुन्हा जागेवर जाऊन टेकलं. दुसऱ्या माणसाने वायरी मोजून तपासायला हव्या होत्या, ते झालं नाही. आणि ज्या टेक्निशियनच्या हातून ते टोक राहिलं त्याला आधीच्या तेरा आठवड्यांत एक दिवस सुट्टी मिळाली होती. आठवडाभर काम, वर शनिवार रविवार काम, त्यामुळे त्याची एकाग्रताच बोथट झाली होती असं चौकशीत नमूद झालं. त्यानंतर तिथे सुरक्षेशी संबंधित कामगारांच्या तासांवर मर्यादा आल्या, दिवसाला जास्तीत जास्त १२ तास, आठवड्याला ७२, चौदा दिवसांत तेराच्या वर पाळ्या नाहीत. मला तर आठवड्याला ७२ तास ही मर्यादासुद्धा भयंकर वाटते, रिले रूममधल्या, म्हणजे सिग्नलची यंत्रणा असते त्या खोलीतल्या, शेकडो वायरींतलं एक उघडं टोक बघायला बसलेल्या माणसासाठी तर फारच, आणि ती पुढे आणखी खाली आणायला कोणी भांडत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे.